दोघांचं जपानी जेवण, एकूण किती? इलेक्ट्रॉनिक सिटीतून निघणाऱ्यांसाठी हिशोब

मेनूवर रामेनच्या वाडग्याची किंमत ६५० रुपये दिसते. दोघं जेवून घरी परततात, तेव्हा खात्यातून साडेतीन हजार गेलेले असतात. यात कुणी फसवलेलं नसतं. थोडी भर ग्योझाच्या, म्हणजे जपानी मोमोंच्या, प्लेटने घातलेली असते, थोडी कराने आणि बरीचशी होसूर रोडवरच्या प्रवासाने. बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्याचं जपानी जेवणाचं बजेट मेनूवर ठरत नाही. ठिकाण कुठलं, वेळ कोणती आणि जाणार कसं, यावर ते निम्म्याहून अधिक ठरतं. म्हणून हा हिशोब तिथून मांडला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ठिकाणं कुठे आहेत याचं मूळ तिच्यात आहे. बंगळुरूत जपानी स्वयंपाकघरं वाढली ती कामानिमित्त आलेल्या जपानी माणसांमुळे. टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली, बिडदीला कारखाना उभा राहिला. किर्लोस्करवाडीच्या घराण्यातले विक्रम किर्लोस्कर या भागीदारीची भारतीय बाजू सांभाळत. पुढे इतरही जपानी कंपन्या आल्या, अभियंते आणि त्यांची कुटुंबं शहरात राहू लागली. त्यांच्या जिभेला चालेल असं जेवण देणारी ठिकाणं रेसिडेन्सी रोड, लॅव्हेल रोड या मध्यवर्ती भागात निघाली. पॅन-एशियन बिस्त्रोंची लाट नंतर कोरमंगला, इंदिरानगर, एचएसआर लेआउट अशी पसरली. इलेक्ट्रॉनिक सिटीत सुशी-रामेन मिळतं ते बहुधा अशाच मिश्र मेनूत, थाई करी आणि हक्का नूडल्सच्या शेजारी. निव्वळ जपानी स्वयंपाकघर हवं असेल, तर शहरात जावं लागतं.

ठिकाण कुठलं, तसा खर्च

पुढचे आकडे दोघांसाठी आहेत, कर आणि मद्य सोडून. ते अंदाजे पट्टे म्हणून वाचावेत. मेनू बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी ताजा मेनू बघून घ्यावा.

पॅन-एशियन बिस्त्रो: १,५०० ते २,५०० रुपये. सोय मोठी असते, कारण ज्याला कच्चा मासा नको त्याला फ्राइड राइस मिळतो. पहिल्यांदा जाणाऱ्या चौघांच्या गटाला हे ठीक. मात्र इथल्या सुशीत मेयोनेज आणि तिखट सॉस भरपूर असतं. जपानी चवीची परीक्षा इथे घेऊ नये.

रामेन बार किंवा एकाच प्रकारावर चालणारं छोटं ठिकाण: १,८०० ते ३,००० रुपये. शांतीनगर भागात केएच रोडवरचा नारू नूडल बार हे याचं नावाजलेलं उदाहरण. शेफ कवन कुट्टप्पा यांच्या या ठिकाणी जागा मोजक्या आहेत. आधी बुकिंग केल्याशिवाय निघू नये, नाहीतर जाण्यायेण्याचे पैसे पाण्यात.

पूर्ण जपानी रेस्टॉरंट: २,५०० ते ४,५०० रुपये. रेसिडेन्सी रोडच्या देवता प्लाझातलं हरिमा, लॅव्हेल रोडवर चान्सरी हॉटेलातलं मात्सुरी ही या वर्गातली ओळखीची नावं. मेनू लांबलचक असतो. साशिमी, भाजलेला मासा, उदोन आणि सोबा या नूडल्स, भातावर टॉपिंग घातलेले डोनबुरी असं सगळं मिळतं. दुपारी ठरावीक ताट म्हणजे सेट लंच आहे का, हे इथे आवर्जून विचारावं.

पंचतारांकित हॉटेल: ६,००० ते १२,००० रुपये, कधी त्याहून अधिक. आयटीसी गार्डेनियातलं एदो, ओबेरॉयमधलं वाबी साबी, जेडब्ल्यू मॅरियटमधलं उनो इझाकाया ही या वर्गातली. मासा, सेवा, निवांतपणा या सगळ्याचे पैसे इथे मोजायचे असतात. शेफ ठरवेल ते खायचं, म्हणजे ओमाकासे, असा प्रकार असेल तर तो बहुधा माणशी ठरलेल्या दरात असतो. तो दर करासह की करावेगळा, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्यावं.

पोट कशाने भरतं, बिल कशाने

जपानी मेनूत सगळ्यात महाग पडते ती चुकीची ऑर्डर. सहाजण बसून बारा छोट्या प्लेट मागवतात, बिल येतं आणि वाटेत डोसा खावा लागतो. म्हणून मेनू वाचताना दोन ढीग करावेत: पोट भरणारे पदार्थ आणि चव बघायचे पदार्थ.

पोट भरणाऱ्यांत रामेन, उदोन, कात्सू करी-भात (ब्रेडक्रम्ब लावून तळलेला काप, करी आणि भात), डोनबुरी आणि सेट लंच येतात. बिस्त्रोत आणि साध्या जपानी ठिकाणी यातला एकेक पदार्थ साधारण ५०० ते ९०० रुपयांना पडतो आणि एका माणसाचं जेवण होतं. सेट लंचमध्ये मुख्य पदार्थाबरोबर भात, मिसो सूप, लोणचं येतं. हेच पदार्थ संध्याकाळी सुटे मागवले तर बेरीज सहज जास्त होते.

चव बघायच्या पदार्थांत सुशी, साशिमी, रोबातावर, म्हणजे जपानी शेगडीवर, भाजलेल्या काड्या, ग्योझा. सुशीचा भाव नेहमी तुकड्यावर काढावा. गुंडाळलेल्या माकीचे सहा ते आठ तुकडे येतात. आठ तुकडे ६०० रुपयांना असतील तर तुकडा ७५ ला पडला. निगिरीचे, म्हणजे भाताच्या लहान गोळ्यावर माशाचा काप ठेवलेले, बहुतेक ठिकाणी दोनच तुकडे येतात. ते ५०० ला असतील तर तुकडा २५० रुपयांचा. साशिमीत तर भातच नसतो, नुसते माशाचे काप. दोघांसाठी एक माकी, एक निगिरी आणि प्रत्येकी एक वाडगा हे प्रमाण खिशाला आणि पोटाला दोन्हीकडे बसतं.

तेंपुरा हा आपल्या भज्यांच्या घराण्यातला पदार्थ. भाज्यांच्या तेंपुराला ४०० रुपये देताना ते ध्यानात असावं. कोळंबीचा तेंपुरा मागवला तर त्या किमतीला थोडा तरी अर्थ येतो.

माशाचा भाव का चढतो? सॅमन नॉर्वेसारख्या देशांतून थंड साखळीत विमानाने येतो. हामाची (यलोटेल मासा), उनागी (ईल) बहुधा गोठवून येतात. नोरी (माकी गुंडाळायचं समुद्री शेवाळ), मिरिन (स्वयंपाकातली गोडसर तांदळाची वाइन), चांगला सोया सॉस हेही आयातीचेच. बंगळुरूला समुद्र नाही, त्यामुळे वाहतूक आणि नासाडी दोन्ही भावात धरलेली असतात. याउलट वासाबी म्हणून जो हिरवा गोळा मिळतो, तो जगभर बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश आणि रंगाचा असतो. ‘खरी वासाबी’ म्हणून वेगळे पैसे लावले असतील, तर ती ताजी किसून देणार का, एवढं विचारावं.

कच्च्या माशाबद्दल एक सुरक्षेचा मुद्दा. परजीवी मरावेत म्हणून मासा उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस गोठवण्याची शिफारस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केली आहे. गोठवलेला मासा हा त्यामुळे कमीपणा नव्हे. गर्भवतींनी कच्चा मासा टाळावा. माशाचा माल कोणत्या दिवशी येतो हे विचारायला संकोच नको, चांगल्या ठिकाणी सरळ उत्तर मिळतं.

५ टक्के की १८?

बिलातला सगळ्यात न पाहिलेला आकडा हा. रस्त्यावरच्या, मॉलमधल्या स्वतंत्र रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी लागतो. जेवण कितीही महाग असो, एसी असो वा नसो, दर तोच. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. तुम्ही खोली घेतलेली नसली तरी हाच दर लागतो. म्हणून ‘हॉटेलात आहात की स्वतंत्र?’ हा पहिला प्रश्न.

फरक लहान नाही. ६,७०० रुपयांच्या जेवणावर ५ टक्क्यांनी ३३५ रुपये कर होतो, १८ टक्क्यांनी १,२०६. म्हणजे ८७१ रुपये जास्त, तेवढ्यात एक रामेन आली असती.

मद्यावर जीएसटी नसतो, त्यावर राज्याचे कर असतात. त्यामुळे जेवण आणि मद्य यांचा हिशोब बिलात वेगळा हवा. साके मागवताना मिलिलिटर विचारावं. छोट्या सुरईत बहुधा १८० मिली असते, आणि दर पेल्याचा की सुरईचा हे मेनूत नेहमी स्पष्ट नसतं. इझाकाया हा तर पिण्याबरोबर छोट्या प्लेट खाण्याचाच प्रकार. तिथे बिल जेवणापेक्षा पेल्यांनी वाढतं.

सेवा शुल्क

काही ठिकाणी बिलात ५ ते १० टक्के सर्व्हिस चार्ज आधीच जोडलेला असतो. हा कर नाही आणि तो देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशा मार्गदर्शक सूचना काढल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या उचलून धरल्या. सेवा आवडली तर जरूर द्या, नको असेल तर ‘हा काढून नवीन बिल द्या’ एवढं शांतपणे सांगणं पुरतं. शुल्क ठेवलं तर त्यावरही जीएसटी लागतो, हे लक्षात असू द्यावं. ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिलाचा फोटो जवळ ठेवावा.

पाण्याच्या बाटलीचंही एक. हॉटेल-रेस्टॉरंटात छापील किमतीपेक्षा जास्त दर घेता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. वाद घालून उपयोग नाही. बसताच ‘साधं पाणी चालेल’ म्हणावं.

रस्त्याचा खर्च

ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची यलो लाइन सुरू झाली आणि इलेक्ट्रॉनिक सिटीच्या जेवणाचं अर्थकारण बदललं. आरव्ही रोड ते बोम्मसंद्र अशा १९ किलोमीटरच्या या मार्गावर १६ स्थानकं आहेत. सुरुवातीला २५ मिनिटांनी गाडी होती, पुढे गाड्या वाढल्या.

कोरमंगला, एचएसआरसाठी सेंट्रल सिल्क बोर्डला उतरून ऑटो. शांतीनगरसाठी आरव्ही रोडला ग्रीन लाइन पकडून लालबागला उतरावं, पुढे ऑटो. रेसिडेन्सी रोड, लॅव्हेल रोडसाठी आरव्ही रोडहून ग्रीन लाइनने मॅजेस्टिक आणि तिथून पर्पल लाइनने एमजी रोड. हा फेरा लांबचा आहे, पण वेळेचा भरवसा असतो. फेब्रुवारी २०२५ च्या दरवाढीनंतर मेट्रोचं एका फेरीचं कमाल भाडं ९० रुपये झालं. दोघांचं जाऊन-येऊन जास्तीत जास्त ३६०. स्मार्ट कार्डावर थोडी सूट मिळते. रात्री जेवायला जाणार असाल तर शेवटची गाडी आधी बघून ठेवावी.

ऑटोचं सरकारी भाडं १ ऑगस्ट २०२५ पासून पहिल्या दोन किलोमीटरना ३६ रुपये, पुढे किलोमीटरला १८ रुपये. इलेक्ट्रॉनिक सिटी ते रेसिडेन्सी रोड २० किलोमीटर धरलं तर मीटरने ३६० रुपये होतात. रात्री दहानंतर दीडपट, म्हणजे ५४०. मीटरवर येणारा ऑटो मिळाला तर, हे बंगळुरूकरांना वेगळं सांगायला नको. ॲपवरची कॅब वेळेप्रमाणे एका बाजूला ५०० ते ९०० रुपये घेते. होसूर रोडच्या उड्डाणपुलाचा टोल त्यात वेगळा धरलेला असू शकतो. शुक्रवारी संध्याकाळी सहा ते नऊ सिल्क बोर्डच्या दिशेने कॅबने निघणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही घालवणं.

तीन नमुना बिलं

भाव हिशोबासाठी धरलेले आहेत, पद्धत लक्षात घ्यावी.

पहिलं, रामेन बार, दोघं, शनिवार दुपार:
दोन रामेन १,३००
एक ग्योझा ४००
दोन थंड पेयं ३००
एकूण २,०००, जीएसटी ५ टक्के १००, बिल २,१००
मेट्रोने कमाल ३६०: घरी पोचेपर्यंत २,४६०, शिवाय शेवटच्या टप्प्याचा ऑटो
कॅबने दोन्ही बाजूंनी १,४००: घरी पोचेपर्यंत ३,५००

दुसरं, जपानी रेस्टॉरंट, दोघं, कामाच्या दिवशी सेट लंच, ५ टक्क्यांच्या ठिकाणी:
दोन सेट १,८००, जीएसटी ९०, बिल १,८९०
१० टक्के सेवा शुल्क ठेवलं तर १,८०० अधिक १८०, त्यावर कर ९९, बिल २,०७९

तिसरं, पंचतारांकित, दोघं, रात्री:
सुशी प्लॅटर २,५००
रोबाताचे दोन पदार्थ २,४००
एक भात किंवा नूडल्स १,१००
एक गोड ७००
एकूण ६,७००, जीएसटी १८ टक्के १,२०६, बिल ७,९०६
रात्रीची कॅब धरली तर नऊ हजारांच्या आसपास

पहिल्या बिलात फक्त वाहन बदललं आणि हजार रुपयांचा फरक पडला. मेनूत घासाघीस करून एवढे पैसे कधी वाचत नाहीत.

रेस्टॉरंट बुक करण्याच्या ॲपवर बिल भरलं तर पुष्कळदा सूट मिळते. पण ती मद्यावर आहे का, शनिवार-रविवारी आहे का, सूट कराआधी की करानंतर, हे वाचूनच टेबल घ्यावं. बँकेच्या कार्डाची आणि ॲपची सूट दोन्ही एकत्र मिळतील असं गृहीत धरू नये.

शाकाहारी, श्रावण पाळणारे आणि गावाहून आलेले आई-बाबा

शाकाहारी माणसाने जपानी ठिकाणी नुसतं ‘व्हेज आहे का’ विचारून भागत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, आणि ती बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या फ्लेक्सची आणि कोंबू या समुद्री शेवाळाची असते. मिसो सूप, अगेदाशी टोफूचा रस, तेंपुराचं बुडवायचं सॉस, उदोनचा रस्सा या सगळ्यांत ती असू शकते. प्रश्न असा हवा: ‘दाशी माशाची आहे का? फक्त कोंबूची किंवा मशरूमची करून द्याल का?’ तेंपुराच्या पिठात अंडं असतं का आणि तळणीचं तेल वेगळं का, हेही विचारावं. मिरिनमध्ये आणि सॉसमध्ये मद्याचा अंश असू शकतो. श्रावण काटेकोर पाळणाऱ्यांनी तो महिना जपानी जेवणापासून दूर ठेवलेला बरा. ज्यांना गहू चालत नाही, त्यांनी सोया सॉसही विचारूनच घ्यावं.

त्यातल्या त्यात निर्धास्त पर्याय म्हणजे उकडलेलं एदामामे (कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा), काकडीची किंवा अवोकाडोची माकी, आणि माशाची दाशी नसलेल्या मशरूमच्या रस्स्यातली रामेन.

आई-बाबांना घेऊन जात असाल तर कात्सू करी मागवावी. करी जपानमध्ये मेइजी काळात ब्रिटिशांमार्फत पोचली. १९२७ मध्ये तोक्योच्या नाकामुराया दुकानात रासबिहारी बोस यांच्यामुळे भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. जपानमधली घरगुती करी दाट, गोडसर, भाताबरोबर चमच्याने खायची, त्यामुळे नवख्यालाही ती परकी वाटत नाही. फक्त करीच्या तयार वड्यांत प्राण्यांची चरबी आहे का, हे विचारून घ्यावं. डुकराचं मांस किंवा बीफ चालत नसेल तर रामेनच्या रस्स्याचंही विचारावं. तोन्कोत्सू रस्सा डुकराच्या हाडांचाच असतो, वर कोंबडी घातली तरी.

घरी मागवायचं तर

रामेन घरी मागवू नये. नूडल्स वाटेत फुगतात आणि रस्सा कोमट होतो. मागवायचीच असेल तर रस्सा वेगळ्या डब्यात येतो का ते पाहावं. शहरातून होसूर रोडने येणारी निगिरीही टाळावी. कात्सू करी, डोनबुरी, ग्योझा हे प्रवास सोसतात. ॲपवरचा भाव आणि रेस्टॉरंटातला भाव शेजारी ठेवून बघावेत. पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी, डिलिव्हरी आणि त्यांवरचा कर धरला तर ६५० चा पदार्थ ८०० च्या पुढे जाऊ शकतो. दोघांसाठी मागवण्यापेक्षा चौघांनी एकत्र मागवावं, डिलिव्हरीचा खर्च वाटला जातो.

टेबल घेण्याआधी फोनवर विचारायचे प्रश्न

१. रेस्टॉरंट हॉटेलच्या आवारात आहे का? जीएसटी किती टक्के?
२. सेवा शुल्क आधीच जोडता का?
३. कामाच्या दिवशी सेट लंच आहे का, किती वाजेपर्यंत? शनिवारी मिळतो का?
४. माशाशिवाय दाशी मिळेल का?
५. बुकिंगला आगाऊ रक्कम लागते का, रद्द केलं तर परत मिळते का?
६. रात्री शेवटची ऑर्डर किती वाजता?

बिल हातात आलं की खाली चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांक आहे का ते पाहावं. १ जानेवारी २०२२ पासून तो छापणं सक्तीचं आहे. जेवणाबद्दल तक्रार करायची झाली तर तोच क्रमांक द्यावा लागतो.

पहिल्यांदा जाणार असाल तर सुट्टी काढलेल्या कामाच्या दिवशी दुपारी, मेट्रोने, ५ टक्के कर असलेल्या ठिकाणी सेट लंच घ्या आणि मध्ये एक निगिरी वाटून खा. दोघांचा खर्च मेट्रो धरून अडीच-तीन हजारांच्या आत बसतो. ती निगिरी आवडली, तर पुढचा पगार झाल्यावर पंचतारांकितचा विचार करायला हरकत नाही. नाही आवडली, तर नऊ हजार वाचले.